आवरलेले हात

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम आपल्याकडे सहसा मोडत नाही. ग्वाल्हेरात आपल्या मराठी मंडळींच्या कित्येक पिढ्या गेल्या, बोलण्यात हिंदी शिरली, न्याहारीला डाळ भरलेली बेढई आली, पण लेकीच्या बाळंतपणाचा मान अजून आईचाच. दाना ओली मोहल्ल्यातल्या कुसुमताई तर या कामात नावाजलेल्या. नात्यातल्या किती बाळंतिणींना त्यांनी शेकलं आणि किती जणींना हळिवाचे लाडू चारले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एकुलती एक लेक सीमंतिनी दिवस भरत आले तशी घरी आली आणि कुसुमताईंनी पदर खोचला.

घोडं तिथेच पेंड खात होतं. ज्याला सगळं येतं, तो कुणाला काही विचारत नाही.

सातव्या महिन्यापासूनच सीमंतिनीची झोप उडाली होती. बसल्या जागी डोळे भरून यायचे. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एकदा सुचवलं, की मनाच्या डॉक्टरांना भेटून घ्या. कुसुमताईंनी ते तिथल्या तिथे झटकलं. गावातल्या वेड्यांच्या इस्पितळाच्या नावाने एकमेकांना चिडवतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. लेकीवर तसला शिक्का बसला तर हजीरा मोहल्ल्यात तिच्या सासरी काय तोंड दाखवायचं? बाळ मांडीवर आलं की सगळं जाईल, असं त्या म्हणाल्या.

बाळ आलं, डोकंभर जावळ घेऊन आलं. गेलं मात्र काहीच नाही.

कुसुमताईंनी शास्त्र काही चुकवलं नाही. वारा लागू नये म्हणून खिडक्या लावल्या, सीमंतिनीचे कान बांधले, आणि बाळंतिणीचे डोळे अधू होतात म्हणून तिचा मोबाईलही काढून घेतला. नोएडाला नोकरीला असलेल्या जावयाचा, अपूर्वचा, फोन आला की त्याच उचलत आणि ती आत्ताच झोपलीय म्हणून सांगत. रोज दिवेलागणीला मीठमोहऱ्यांनी मायलेकरांची दृष्ट निघे. यात कपट कुठेच नव्हतं, सगळी मायाच होती. पण मायेलाही कान लागतात, आणि या घरात ते बाळंतिणीचेच नव्हे, आईचेही बांधलेले होते.

सीमंतिनी बाळाला पाजायची आणि पाजून झालं की घाईने आईच्या हातात द्यायची. मग भिंतीला टेकून नुसती बसायची. एका दुपारी कुसुमताई शेकायची शेगडी घेऊन उभा जिना चढून वर आल्या. अंग घामाने निथळत होतं.

"आई, याला तू तुझ्याजवळच ठेव," सीमंतिनी म्हणाली. "मुझसे नहीं होगा."

"अगं, मांजरसुद्धा आपल्या पिल्लाला चाटते. तू कसली आई?"

सीमंतिनीने तोंड भिंतीकडे वळवलं. त्या दिवसानंतर ती रडायचीही थांबली. कुसुमताईंना वाटलं, चला, पोर वळणावर आली.

बारशाला हजीऱ्याची मंडळी बाळंतविडा घेऊन आली; अपूर्वला तेवढी रजा मिळाली नव्हती. विहीणबाई राजलक्ष्मी शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या, बोलायला मोजक्या. कुसुमताईंना त्यांचा मनातून धाक होता. त्यांनी लेकीला चंदेरी नेसवली, वेणी माळली, आणि फोटोत हसायचं असं बजावलं. सीमंतिनी हसली. फोटो छान आला.

पाळण्याखालून आणि वरून बाळाची देवाणघेवाण झाली, आत्याने कानात नाव सांगितलं, आणि बाळाला आईच्या ओटीत द्यायला हात पुढे झाले. सीमंतिनीचे हात पदराखालून बाहेर आलेच नाहीत. बाळ क्षणभर तसंच अधांतरी राहिलं.

"बाळाला घेऊन घेऊन हात भरून आलेत हो तिचे," म्हणत कुसुमताईंनीच त्याला घेतलं. बायका हसल्या. राजलक्ष्मीबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

जेवणं आटोपल्यावर त्या सरळ बाळंतिणीच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. कुसुमताई विड्यांचं तबक घेऊन बाहेर ताटकळत राहिल्या. आता काय काय ऐकावं लागणार, याची त्या मनात उजळणी करत होत्या. बऱ्याच वेळाने दार उघडलं. सीमंतिनी सासूच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून रडत होती.

राजलक्ष्मीबाईंनी हलक्या आवाजात सांगितलं ते ऐकून कुसुमताईंनी हातातलं तबक खाली ठेवलं. बाळाला घेऊन त्या उभ्या जिन्याजवळून जाताना सीमंतिनीला वाटायचं, आपले हात त्याला सोडून देतील. म्हणून ती त्याला घेतच नव्हती. आणि गेले काही दिवस तिच्या मनात येत होतं, की आपण नसलो तर बाळाचं जास्त बरं होईल.

"मला कधी बोलली नाही हो ती," कुसुमताई पुटपुटल्या.

"बोलली होती, कुसुमताई. तुम्ही उत्तर दिलंत."

मग राजलक्ष्मीबाईंनी स्वतःचं सांगितलं. "अपूर्वच्या वेळी माझंही हेच झालं. सासूबाईंनी अंगारा लावला, आईने गप्प बसवलं. त्याचं पहिलं पाऊल, पहिला शब्द, मला काही याद नाही. लोक सांगतात ते ऐकते. ही बीमारी आहे आणि इलाज केला तर बरी होते. तिला वेड नाही लागलं. आणि माया नाही असं तर मुळीच नाही. माया आहे म्हणूनच हात आवरून बसली बिचारी."

"पण लोक काय म्हणतील?"

"लोक जेवून गेले."

कुसुमताईंनी दाराकडे पाहिलं. आयुष्यभर ज्यांच्यासाठी झाकपाक केली, ते लोक खरंच विडा खाऊन घरी गेले होते! उरली होती ती लेक, आणि तीही हातातून निसटत चालली होती!

त्याच संध्याकाळी तिघी मनाच्या डॉक्टरांकडे गेल्या. बाळाला पाजता येईल अशा गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलायला जाणं ठरलं. रात्री तिला सलग झोप मिळाली पाहिजे आणि सध्या तिला एकटं सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. अपूर्व रजा काढून आला. खिडक्या उघडल्या, मोबाईल परत मिळाला. हे कधीपासून आहे, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कुसुमताईंना सांगावं लागलं, सातव्या महिन्यापासून. तेव्हाच आला असतात तर मुलीचे इतके हाल झाले नसते, एवढंच ते म्हणाले. पण ते वाक्य कुसुमताईंच्या काळजात रुतून बसलं.

गुण हळूहळू आला. थंडी सरता सरता सीमंतिनी बाळाला कडेवर घेऊन फूलबागेत फिरायला जाऊ लागली. एकदा मायलेकी फिरून परतल्या, तर जिन्यात मांजर आपलं पिल्लू तोंडात धरून पायरी पायरी चढत होती. सीमंतिनी थांबली. कुसुमताईंची मान खाली गेली.

"आई," ती शांतपणे म्हणाली, "मी पण त्याला जपतच होते."

कुसुमताई जिन्यातच रडल्या. लेकीने त्यांचा हात धरला, राग धरला नाही. पण बाळाचे ते पहिले महिने तिला कुणी परत देऊ शकणार नव्हतं, आणि आपलं बोललेलंही कुणी परत घेऊ शकणार नव्हतं, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

कुसुमताई आजही बाळंतिणींकडे लाडू घेऊन जातात. बाळाचं तोंड मागून बघतात. आधी बाळंतिणीजवळ बसतात, तिला बोलू देतात, आणि झोप उडाली, मन खचलं असं कानावर आलं की घरच्यांना डॉक्टरांचा पत्ता देतात. आपणही एवढं करूया. बाळंतीण मन मोकळं करू लागली, तर तिला उत्तर द्यायची घाई करू नका. तिचं ऐका आणि वेळेवर तिला डॉक्टरांकडे न्या.