तेरावा प्रश्न

तेराव्या प्रश्नापुढे फक्त 'नाही' लिहायचं होतं. दोन अक्षरं. चौकोनही एवढासा ठेवला होता, की माणसाला त्यात दुसरं काही लिहायचा मोह होऊ नये. 'छातीत दुखणे, धाप लागणे असा त्रास कधी झाला आहे का?' या प्रश्नाला कुठलाही शहाणा माणूस काय उत्तर देईल? पण तिच्या नवऱ्याने लिहिलं होतं, 'होय. दोनदा. दोन्ही वेळा जिना चढताना. दुसऱ्या वेळी सुमारे चार मिनिटे. सविस्तर माहिती मागील पानावर.' आणि मागच्या पानावर खरोखरच सविस्तर माहिती होती.

विमा कंपनीचं पत्र हातात धरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिचा विमा मंजूर झाला होता, नवऱ्याचा नाही. त्याने तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करावा, मात्र मधल्या काळात छातीची कुठलीही तक्रार नोंदलेली नसावी, असं पत्रात म्हटलं होतं.

"कुणी मागितली होती का सविस्तर माहिती?"

"विचारलं होतं त्यांनी," तो म्हणाला. "विचारलं तर सांगायला नको?"

यावर काय बोलणार, कपाळ? दुकानादुकानांतले वजनकाटे तपासून दुरुस्त करायचे, हा त्याचा धंदा. बाजारात त्याला ग्रॅमकाका म्हणत, कारण एका ग्रॅमचा फरक राहिला तरी तो काटा पुन्हा उघडून बसायचा. दुकानदार म्हणायचे, "चालतंय हो एवढं." याला चालत नसे. घरीही तोच खाक्या. भाजी खारट झाली तर पाहुण्यांसमोर खारट म्हणायचा. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्याशी एकदाही खोटं बोलला नव्हता, आणि त्याचा तिला इतका राग कधी आला नव्हता.

ती गणवेशाच्या कारखान्यात कॉलर बसवायची. नऊ वर्षं विमा कारखान्याचा होता, नवऱ्यासकट. यंदा हप्ता दीडपट झाला आणि मालकाने हात झटकले. हजेरीच्या फळ्याशेजारी चिठ्ठी लागली, की पुढच्या महिन्यापासून ज्याने त्याने आपलं पाहावं. मग डबा खाताना बायकांचं एकच बोलणं, घरातलं कुणाला वगळायचं. काजं करणाऱ्या बाईने स्वतःला वगळून मुलांचा विमा काढला. कात्रीवालीने कुणाचाच काढला नाही. "मी आजारी पडायचंच बंद केलंय," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

हिने मात्र ओढाताण करून दोघांचा अर्ज भरला होता. छातीचं दुखणं काय असतं ते तिला ठाऊक होतं. तिचा थोरला भाऊ विम्याशिवाय दवाखान्यात गेला, आणि बरा होऊन आला तेव्हा परतायला घरच उरलं नव्हतं.

अर्ज आणला होता पुतणीच्या नवऱ्याने. जावई पडला, त्याच्यावर डाफरायचीही सोय नाही. तिने आवाजात साखर घोळून फोन केला.

"अहो काकू, मी म्हटलं होतं काकांना, मी भरतो, तुम्ही नुसती सही करा," जावई म्हणाला. "तर म्हणे, वाचल्याशिवाय सही करणार नाही."

"मग आता काय करायचं, जावईबापू?"

"तीन वर्षं सांभाळायचं."

"काय सांभाळायचं?"

"काकांना."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती नवऱ्याला बाजारातून तसाच, वजनांच्या पेटीसकट, घेऊन कंपनीच्या कार्यालयात गेली. तासभर बाकावर बसल्यावर त्यांचा नंबर लागला. खिडकीतल्या मुलीने पडद्यावर पाहिलं.

"छातीत दुखतं असं त्यांनीच लिहून दिलंय."

"दोनदा दुखलं. त्यालाही वर्ष झालं."

"तपासणी केली होती?"

"नाही. आता करतो ना."

"तपासणीत काही निघालं तर त्याची नोंद होईल. मग तीन वर्षांनीही अवघड."

"आणि नाही केली तर?"

"मग तपासणीच नाही म्हणून अवघड."

"म्हणजे खोटं लिहायला हवं होतं?"

"मी तसं म्हणाले नाही, मॅडम."

"मग काय म्हणालात?"

मुलीने पुढचा नंबर पुकारला. तेव्हा मात्र हिचा तोल गेला. "या माणसाने खरं लिहिलंय!" ती ओरडली. "तुमच्या कपाटांत असा दुसरा एक तरी अर्ज आहे का? दाखवा मला!" सगळं कार्यालय वळून पाहू लागलं. ज्या गोष्टीवरून दोन दिवस ती त्याला घालूनपाडून बोलत होती, तिच्यासाठीच आता भांडत होती. नवरा पत्र मांडीवर उघडून, 'नोंदलेली नसावी' या शब्दांखाली बोट धरून बसला होता. मग उठला आणि हळूच म्हणाला, "चल."

घर तिसऱ्या मजल्यावर. ती पुढे, तोंडाचा पट्टा चालूच, आणि तो मागे, हातात वजनांची पेटी. पहिल्या वळणावर मागची पावलं थांबली. तिने वळून पाहिलं. पेटी पायरीवर टेकवून तो कठड्याला धरून उभा होता आणि त्याचं कपाळ घामाने डबडबलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही." त्याने श्वास जमवला. "बुटाची नाडी सुटली."

त्याच्या पायांत चपला होत्या.

तिने त्या चपलांकडे पाहिलं. मग त्यानेही पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली.

"एवढंसं खोटं तरी धड बोला हो!" ती ओरडली आणि रडायलाच लागली. "दुखतंय ना?"

"सांगितलं तर कागदावर येईल."

"येऊ दे."

"तीन वर्षं फुकट जातील."

"जाऊ दे म्हणते ना!"

पेटी तिथेच जिन्यात सोडून तिने त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. एकेक पायरी करत दोघं खाली उतरू लागली. दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता.

"किती वेळ झाला दुखायला?" तिने विचारलं.

त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"साडेसहा मिनिटं," तो म्हणाला.