सारजाबाईंचा रणगाडा

दर महिन्याच्या एक तारखेला सारजाबाई गाडीत बसून चऱ्होलीहून वाकडला जात, नाहीतर वाकडहून चऱ्होलीला येत. जमीन बिल्डरला दिल्यावर दोघा भावांनी सगळं वाटून घेतलं, तांब्याचे हंडेसुद्धा. आई तेवढी वाटता येईना, म्हणून तिचे महिने वाटून घेतले. थोरला दादासाहेब वाकडच्या टॉवरमध्ये राहायला गेला, धाकट्या धनेशने चऱ्होलीतच बंगला बांधला. फेब्रुवारी नेमका थोरल्याकडे गेला, म्हणून धनेशची बायको वर्षाली पहिल्याच वर्षी धुसफुसली होती. पुढे सारजाबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा दवाखान्याच्या दारात दोन्ही जावांचं भांडण झालं ते एवढ्याचवरून, की म्हातारी पडली कुणाच्या महिन्यात.

तेव्हापासून ती अंथरुणावरच होती. पाठीशी दोन उशा लावल्या की थोडी उठून बसल्यासारखी व्हायची.

धनेशला आईचं ओझं कधी वाटलं नाही. ते ओझं वर्षाली उचलत होती, ही गोष्ट त्याच्या ध्यानात यायची राहून गेली होती. त्याला सलायचं ते निराळंच. महिना सरत आला की आईचा चेहरा उजळायचा. एक तारखेला सकाळपासून ती कापडाची पिशवी उशाशी घेऊन बसायची आणि घटकेघटकेला विचारायची, "धना, दादा निघाला का रं? फोन तर लाव." घरी कुणी भेटायला आलं तरी हिच्या तोंडी "माझा दादा" आणि "माझा दादा". धनेश चहाचा कप घेऊन शेजारीच उभा असायचा. आयुष्यात त्याला फार काही नको होतं. एकदा, एकदाच, दादाच्या समोर आईने म्हणावं, मी येत नाही, मी धनाकडेच राहते.

माळा आवरताना त्याला जुना टीव्ही गेम सापडला. तो पाचवीत असताना वडिलांनी पिंपरी कॅम्पातून आणलेला. पिवळी कॅसेट अजून त्यातच अडकून बसली होती. विटांच्या भिंतीआड आपलं ठाणं, आणि वरून शत्रूचे रणगाडे चाल करून येणार, असा तो खेळ. दुपारची भांडी घासून झाली की आई पदराला हात पुसत टीव्हीसमोर बसायची. दोघांनी मिळून खेळायचा गेम. खेळायचे आई आणि दादा. "तुझा नंबर मागनं," असं धनेशला सांगितलं जायचं. वाटणीत या खोक्याची कुणालाच आठवण राहिली नव्हती.

आता आडवं पडून भिंतीवरचा टीव्ही तिला दिसत नव्हता. मग गेमच तिच्या हातात दिला तर?

धनेश चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. वायरिंगला त्याचा हात चांगला. खोकं उघडलं तर आत बहुतेक पोकळीच निघाली. कामाचा बोर्ड तळहाताएवढा, त्यावर वाळलेल्या डिंकासारखा काळा थेंब आणि थेंबाखाली चिप. बोर्डाची मोकळी कड त्याने हॅकसॉच्या पात्याने हळूहळू कापून काढली. स्क्रीन घेतली ती गाड्यांच्या रिव्हर्स कॅमेऱ्याची. पेटी इलेक्ट्रिकच्या सामानातली, प्लास्टिकची; पिवळी कॅसेटही तिच्यातच बसवली. आईचे अंगठे सुजलेले, बारीक बटणं तिला दाबवली नसती, म्हणून भंगारातल्या मशीनच्या पॅनेलवरची मोठी बटणं बसवली. दिशेची चार हिरवी आणि गोळी मारायचं लाल. सगळं जुळल्यावर पेटी पोटावर ठेवायला जड झाली. मग जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल बाहेर काढून त्याने वेगळ्या पिशवीत घातले, उशाशी ठेवायला, आणि तिथून पेटीपर्यंत लांब वायर दिली.

जेवणाच्या सुट्टीत तो हे काम घेऊन बसला की त्याच्याबरोबर काम करणारा पिंटू डबा खात खात बघायचा.

"भावा, रेडिमेड मिळतात की असले. एकेकात शेकड्यानं गेम."

"त्यात हा नसेल."

"असेल, असेल. पण आईसाठी स्वतः करतोय म्हणजे काय राव! श्रावणबाळच झाला तू."

"गप रे," धनेश म्हणायचा. पण पिंटूने ते पुन्हा म्हणावं म्हणून थोडा वेळ थांबायचा.

पेटी आईच्या पोटावर ठेवून त्याने बटण दाबलं. ती जुनी धून वाजली तशी आई एकदम चमकली.

"अगं बया! ह्यो तर आपलाच हाय की!"

"आपलाच. मी बनवलाय."

तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. पहिला रणगाडा खाली उतरला होता. "ये मुडद्या, ये हिकडं!" म्हणत तिने लाल बटणावर अंगठा हाणला.

त्या दिवसापासून खोलीतला सूरच बदलला. आई जेवण विसरू लागली. वर्षाली अंग पुसायला गेली की "थांब गं, एवढा डाव होऊ दे," म्हणायची. महिना संपत आला तरी कापडाच्या पिशवीची आठवण काढेना.

एक तारखेला दादासाहेब गाडी घेऊन आला. "चल आई."

आईने स्क्रीनवरून नजर काढली नाही. "मला न्हाई यायचं. मी धनाकडंच ऱ्हाते."

"काय झालं?"

"काय न्हाई. हितं माझा गेम हाय."

शेवटचं वाक्य नसतं तर बरं झालं असतं, असं धनेशला वाटलं. पण त्याने तेवढं सोडून दिलं.

"मग गेम पण घेऊन चल की," दादा म्हणाला.

"नाही दादा," धनेश चटकन म्हणाला, "नाजूक काम आहे. हलवलं तर बिघडेल."

दादासाहेबाने भावाकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वर्षालीकडे वळला. "तू ऐकलंस ना गं? आई तिच्या तोंडानं म्हणाली." वर्षाली चहा टाकायला आत वळली. दादाने चहा घेतला, वर आणखी अर्धा कप मागून घेतला आणि शीळ घालत जिना उतरला. धनेशला वाटलं, मनाला लागलेलं लपवतोय.

"जिंकलात तुम्ही," गाडी गेल्यावर वर्षाली म्हणाली. "आता बाराही महिने धुवायचं मी."

चुकलेल्या महिन्याच्या बदल्यात पुढच्या एक तारखेला दादाची गाडी येईल, असं वर्षाली धरून चालली होती; ती आलीच नाही. धनेशने फोन लावला.

"अरे धना, तिच्या मनाविरुद्ध कसा नेऊ मी?" दादाच्या आवाजात नुसती माया. "तिनं म्हणू दे, दादाकडं जायचंय. लगेच गाडी काढतो. तुझी अनितावहिनीही म्हणते, की आत्यांना जिथं करमतं तिथं त्यांनी राहावं."

तो महिना वर्षालीने कसाबसा काढला. भांडी आपटली, मग रडली, मग रडणंही सोडून दिलं आणि शांतपणे सांगितलं, "पुढच्या एक तारखेला आत्या त्या गाडीत बसतील. नाहीतर मी सांगवीला जाते माझ्या आईकडे. मग तुम्ही धुवा."

एकदा वर्षाली बाहेर गेली असताना धनेशला आईची चादर बदलावी लागली होती. तेवढ्या अनुभवावर त्याला वर्षालीचं म्हणणं पटलं.

त्याने आधी गोडीने करून पाहिलं. "आई, दादाची आठवण येत असेल ना?"

"येती की."

"मग जायचं का?"

"जाऊ की. एवढा डाव होऊ दे."

सुट्टीच्या दिवशी वर्षाली आईला पुसत असताना धनेश पेटी बाहेरच्या खोलीत घेऊन गेला. चार स्क्रू काढले. स्क्रीनला चित्र नेणारी बारीक वायर होती, तीच त्याने पक्कडीने कापली. आवाजाची राहू दिली. सगळंच एकदम बंद पडलं तर म्हातारीला संशय येईल, असा त्याचा हिशेब. स्क्रू पुन्हा घट्ट बसवले. काम सफाईनेच झालं.

आईने बटण दाबलं. धून वाजली.

"धना, आवाज येतोय रं. दिसत न्हाई काय." तिने डोळे चोळले, पदराने पुसले, पुन्हा उघडले. "माझी नजर गेली का रं?"

तो लगेच "नाही" म्हणू शकला असता. आईने स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरून बोटं हलवून पाहिली, तोवर तो गप्प राहिला. मग म्हणाला, "नजर नाही गं. स्क्रीन गेली. जुना माल आहे."

"व्हईल न्हवं नीट?"

"बघतो."

दोन दिवस ती नुसत्या आवाजावर खेळली. काळ्या स्क्रीनकडे बघत अंगठा मारायची आणि स्फोटाचा आवाज आला की म्हणायची, "मारला बघ एक." ठाणं पडल्याचा आवाज लगेच व्हायचा. ती पुन्हा सुरू करायची. कामावरून आला की धनेश तिच्यादेखत पेटी उघडायचा, इस्त्रीसारखी तापलेली सोल्डरिंग गन इकडून तिकडे फिरवायचा आणि मान हलवून पेटी बंद करायचा. रोज. तिसऱ्या दिवशी तिने पेटी बाजूला ठेवली आणि छताकडे बघत पडून राहिली. महिनाअखेरीला स्वतःच म्हणाली, "दादाला फोन लाव. म्हणावं, न्यायला ये."

धनेशने स्पीकर सुरू करून फोन तिच्या तोंडाशी धरला. दादासाहेबाला दुसरं काही सुचण्याआधीच तिचं वाक्य बोलून झालं होतं.

एक तारखेला दोघा भावांनी मिळून तिला खुर्चीत बसवून खाली नेलं. गाडीत बसवताना धनेशला दिसलं, पदराखाली तिने पेटी धरली होती.

"ही कशाला आई?"

"दादाच्या हितं लई हुशार पोरं ऱ्हात्यात. बघंल कुनीतरी उघडून."

वायर तुटलेली नव्हती, कापलेली होती. कुणालाही कळलं असतं. "नको. दे इकडे."

"असू दे रं."

"दे म्हणतो ना!" त्याने पेटी ओढली. ती सोडेना. मग त्याने तिची सुजलेली बोटं एकेक करून सोडवली. शेवटच्या बोटाला ती "आई गं" म्हणाली.

दादासाहेब स्टिअरिंगवर हात ठेवून बघत होता. "एवढं काय आहे त्यात धना?"

"तुला न्हाई कळायचं," आईच मध्ये बोलली. बोट चोळता चोळता तिच्या चेहऱ्यावर अभिमान उमटला होता. "कामावरनं आला की पानी पियाच्या आधी उघडून बसतो बघ त्यो. रोज. माझ्यापायी. नीट केल्याबिगर त्याला चैन न्हाई पडायची. धनासारखी माया तुला न्हाई जमायची, दादा. तू माझा लाडका, पन धना तो धनाच."

"हो, ते आहेच," दादासाहेब म्हणाला आणि गाडी सुरू केली.

गाडी कोपऱ्यावरून वळली. धनेश फाटकात पेटी घेऊन उभा होता.

"अहो," वर्षालीने गच्चीवरून हाक मारली, "ती ठेवा कुठंतरी आणि वर या. गादी उन्हात टाकायचीय. मला एकटीला उचलत नाही."

त्याने पेटी मीटरच्या खोक्यावर ठेवली आणि गादीचं दुसरं टोक धरायला वर गेला.