कय्यूमचा टेप सेल खाते

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हणजे तुमच्या मते जुना. तुमच्या हातातला फोन दोन वर्षांत थकतो, तिसऱ्या वर्षी तुम्ही तो बदलता, आणि वर मला जुना म्हणता. मी ऐकून घेतो, कारण फळीवर बसून दुसरं काही करता येत नाही.

माझी फळी सावली गावच्या बसस्टँडजवळ, कय्यूमभाऊंच्या दुकानात आहे. पूर्वी पाटीवर 'कय्यूम रेडिओ सर्व्हिस' असं होतं. आता त्यांचा मुलगा दानिश दुकान पाहतो, आणि पाटीवर मोबाईलचं चित्र आहे. फळीवरून मला सगळी गिऱ्हाइकं दिसतात. फोनमधली जागा संपली म्हणून माणसं रडकुंडीला येतात. दानिश उघडून पाहतो, तर आत शुभ सकाळ म्हणणारी चार हजार गुलाबाची फुलं. पुसू का विचारलं, तर म्हणतात, नको, राहू दे. अशा लोकांच्या शहाणपणावर जग चाललंय, हे मला रोज दिसतं.

माझा जन्म कारखान्यात झाला असं सांगितलं, तर ते अर्धंच खरं होईल. माझं खोकं एका मेलेल्या टेपचं, मोटर दुसऱ्याची आणि स्पीकर एका रेडिओचा. कय्यूमभाऊंनी आठ दिवस खपून मला जोडलं. आवाजाचं बटण सापडेना, तेव्हा टूथपेस्टचं झाकण बसवलं. ते अजून आहे. माझ्या तोंडावर एका कंपनीचं नाव आणि पोटात तीन कंपन्या. आजच्या दिवसांत जन्मलो असतो, तर पाळण्यातच माझ्यावर तीन दावे लागले असते.

माझं काम कॅसेट भरायचं. लोक कागदावर सिनेमाच्या गाण्यांची यादी आणायचे, कोरी कॅसेट द्यायचे, आणि मी एका कॅसेटवरून दुसरीवर गाणी उतरवायचो. गाण्यांच्या मालकांना आम्ही कधी विचारलं नाही. तेव्हा मी साधूचा आव आणणार नाही; चोरीत माझा हात होता. पण कय्यूमभाऊंचा एक नियम होता. प्रत्येक गाण्यापुढे गाणाऱ्याचं नाव लिहायचं. माहीत नसेल तर घरात जाऊन बायकोला, जरीनाबींना विचारायचे. त्यांना रेडिओमुळे सगळी नावं पाठ होती. नाव मिळेपर्यंत कॅसेट गिऱ्हाइकाला मिळायची नाही.

मित्रांनो, आता मी माझ्या आयुष्यातला मोठा दिवस सांगतो. चौऱ्याण्णव सालच्या श्रावणात कय्यूमभाऊ मला सायकलच्या कॅरिअरला बांधून दोन कोसांवरच्या गावी घेऊन गेले. धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, चालू होता. बांधीच्या चिखलात वीस-बावीस बायका ओणव्या होऊन पऱ्हे, भाताची रोपं, लावत होत्या आणि त्यांच्यातल्या सुगंधाबाई गाणं सांगत होत्या. त्यांनी एक ओळ म्हणायची, मग बाकीच्यांनी ती उचलायची. चाल त्यांच्या सासूकडून आलेली, पण कडवी मात्र त्या-त्या दिवसाची. तिथला रिवाज असा, की जो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कोरड्या पायांनी उभा राहील, त्याचं नाव गाण्यात येणार. काम न करता पाहत उभा राहिलास ना, मग घे, अशी ती थट्टा असते.

कय्यूमभाऊंना हा रिवाज माहीत नव्हता. त्यांनी मला धुऱ्यावर ठेवलं आणि लाल बटण दाबलं. मी आदल्याच दिवशी नवे सेल खाऊन बसलो होतो, तरी अर्ध्या तासात धापा टाकू लागलो. कय्यूमभाऊंनी खिशातून दुसरे सेल काढले. सुगंधाबाईंनी ते तिरप्या नजरेनं पाहिलं, मान वरसुद्धा केली नाही आणि म्हटलं:

"धुऱ्यावर उभा कय्यूम, पाय त्याचे कोरडे वो,
त्याचा टेप सेल खाते, गाणं आमचं चोरते वो."

बायका हसून चिखलात बसल्या. कय्यूमभाऊ लाजले. मी मात्र फुगलो. सिनेमातल्या मोठमोठ्या गायकांनी माझ्यातून गळा काढला होता, पण माझ्यावर गाणं कोणी केलं नव्हतं.

कॅसेटवर कय्यूमभाऊंनी लिहिलं, 'रोवणा, सुगंधाबाई, १९९४'. पुढची चार-पाच वर्षं ती गावोगाव मागितली गेली. सिंदेवाहीपर्यंत तिच्या नकला गेल्या, प्रत्येक नकलेवर सुगंधाबाईंचं नाव. शहरातून एक लोकगीतांचे अभ्यासक आले होते. त्यांनी चहा घेतला, 'हा केवढा ठेवा आहे' असं तीनदा म्हटलं, आणि एक नक्कल पिशवीत टाकून गेले. मग सीडी आली, तिच्या मागून मेमरी कार्ड आलं, आणि मी फळीवर गेलो. माझा पट्टा सुकून तुटला. माझ्या डोक्यावर दानिशने फोनच्या कव्हरांचा खोका ठेवला. मी कोणाला दोष देत नाही. फक्त लक्षात ठेवतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सुगंधाबाईंची नात पुनम हिने आजीला अंगणात बसवून ते गाणं म्हणायला लावलं, फोनवर टिपलं आणि जगाला दाखवलं. कय्यूमचं कडवंही त्यात होतं. आठ दिवसांत पत्र आलं. पत्र म्हणजे फोनवर उगवलेला मजकूर. पुनमला तो नीट समजेना, म्हणून ती आजीला घेऊन दुकानात आली. दानिशने वाचून दाखवलं: हे गाणं एका संगीत कंपनीच्या मालकीचं आहे, तुम्ही ते परवानगीशिवाय वापरलं आहे, म्हणून काढून टाकलं आहे.

सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे मी चोरलं काय?"

"तसं नाई आजी, मशीननं पाठवलं हाय ते," पुनम म्हणाली.

"मशीनले कोणी सांगितलं का मी चोर हाव म्हणून?"

दानिशने कंपनीचं गाणं शोधून लावलं. मागे बासरी, पुढे तबला, आणि एक शहरी बाई अंगाईगीत म्हणावं तशी गात होती. सुगंधाबाईंनी पहिली चार कडवी ऐकली आणि पदर सावरून उठल्या. "बंद कर," एवढंच म्हणाल्या. त्या पावसाळ्यात त्या रोवण्याला गेल्या, पऱ्हे लावले, पण तोंड उघडलं नाही. बायकांनी आग्रह केला, तर म्हणाल्या, "ज्याचं हाय त्याले बलवा." मग बांधीच्या धुऱ्यावर कोणाच्या तरी फोनवर सिनेमाची गाणी वाजू लागली. दुसऱ्या वर्षीही तेच.

पुनमने ही हकीगत नेटवर लिहिली. मित्रांनो, त्याखाली जी चर्चा झाली, ती दानिशने दुकानात मोठ्याने वाचली. माझे कान अजून विटलेले आहेत. एकाने कायद्याची कलमं टाकली. दुसऱ्याने ती कलमं चुकीची आहेत म्हणून त्याची अक्कल काढली. तिसरा म्हणाला सरकारने नेटला लगाम घालावा, चौथा म्हणाला सरकारलाच घालावा, आणि दोघे तीन दिवस भांडले. एकजण, जो स्वतः फुकटात सिनेमे पाहतो हे त्यानेच पूर्वी कुठेतरी लिहिलं होतं, तो कलावंतांच्या हक्कांवर गहिवरला. एकाने मधेच पोट कमी करायचं औषध विकायला काढलं. 'पुरावा काय?' असं तर चाळीस जणांनी विचारलं. सुगंधाबाई आता गातात का, हे एकानेही विचारलं नाही.

तक्रारीचा एक अर्ज होता. तो भरताना आधी पुनमला आपण माणूस आहोत हे सिद्ध करावं लागलं. सिग्नलचे फोटो ओळखा म्हणे. एका यंत्राने माणसाकडे असा दाखला मागावा, हे पाहून मला यंत्र असल्याची लाज वाटली. मग ओटीपीचा आकडा यायचा होता तो तिचा भाऊ गोपाल याच्या फोनवर, कारण खातं त्याच्या नंबरवर. गोपाल कामाला धानोऱ्याकडे, रेंज नसलेल्या जंगलात, आणि आकड्याचं आयुष्य दहा मिनिटांचं. तो आकडा गोपालला तिसऱ्या दिवशी मिळाला. असं चार वेळा झालं.

एवढं सगळं पाहून एका दुपारी कय्यूमभाऊ स्टुलावर चढले. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी माझ्या डोक्यावरचा खोका बाजूला केला आणि मला खाली घेतलं. सायकलच्या ट्यूबचा बारीक गोल कापून माझा पट्टा केला. बिस्किटाच्या डब्यातून ती कॅसेट काढली. पुनम आणि सुगंधाबाईंना बोलावणं गेलं. बाई आल्या, पण पाठ करून बसल्या.

मी गायलो. जरा रेकून, जरा घसरत, पण गायलो. कडवं आलं: त्याचा टेप सेल खाते, गाणं आमचं चोरते वो. कय्यूमभाऊंनी बोट वर केलं. दानिशने कंपनीचं गाणं पुढे सरकवून लावलं, आणि ती शहरी बाई बासरीच्या साथीने, डोळे मिटून, तेच कडवं म्हणाली. कय्यूम, त्याचे कोरडे पाय, सेल, चोरी, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. खाली लिहिलं होतं: गीत पारंपरिक, सर्व हक्क कंपनीकडे. कोणा महाभागाने त्याखाली या कडव्याचा अर्थही दिला होता, की टेप म्हणजे देह आणि सेल म्हणजे आयुष्याचे दिवस. मी देह! टूथपेस्टचं झाकण लावलेला!

"बाई, तुमीच तं मले चोर म्हटलं होतं," कय्यूमभाऊ म्हणाले. "आता ते लोकं स्वतःलेच म्हणून राह्यले."

सुगंधाबाईंची पाठ जराशी हलली. त्या हसल्या की काय, ते मला दिसलं नाही.

दानिशने माझं गाणं फोनवर टिपून, कॅसेटच्या कागदाचा फोटो जोडून, पुरावा म्हणून चढवलं. तीन मिनिटांत उत्तर आलं. तुम्ही चढवलेलं गाणं एका संगीत कंपनीच्या मालकीचं आहे. दानिशने फोन टेबलावर आपटला. कंपनीने गाणं काढलं त्याच्या किती वर्षं आधी मी ते गायलो होतो, आणि चोर मीच. ज्या यंत्राला आधी आणि नंतर यातला फरक कळत नाही, त्याच्या हाती तुम्ही तुमचा न्याय दिलात. तुमचं तुम्हाला लखलाभ.

"नेटवाले आयको नाई तं नाई," कय्यूमभाऊ म्हणाले. "रोवण्यातल्या बाया तं आयकतीन."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी तीस वर्षांनी त्याच धुऱ्यावर गेलो. खाली पोतं अंथरलं होतं. बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. त्यातल्या निम्म्या तर पहिल्या वेळी जन्मल्याही नव्हत्या. सुगंधाबाई मात्र ओणव्याच, पऱ्हे लावत. पुनम माझ्यापाशी बसली. मला वाटलं, आज मी दाखवतो. नेट हरलं, कायदा हरला, अर्ज हरला. या बाईचं गाणं या बाईला परत देणारा शेवटी मीच.

कडवं आलं आणि मी फीत खाल्ली.

खोटं बोलत नाही. ट्यूबचा पट्टा घसरला, माझं चाक अडलं, आणि ती फीत माझ्या पोटात गोळा झाली. कय्यूमभाऊंनी झाकण उघडून ओढलं, तर तुटून लोंबली. पेन्सिल घालून फिरवायलाही काही उरलं नाही. नकला असतील-नसतील, पण मूळ पुरावा मी, फोनवाल्यांना आणि कंपनीवाल्यांना नावं ठेवणाऱ्याने, चावून टाकला. पुनमने तोंडावर हात ठेवला. कय्यूमभाऊ फीत हातात धरून उभे राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मित्रांनो, मला त्या वेळी भंगारात जावंसं वाटलं.

सुगंधाबाईंनी मान वर केली. त्यांनी फितीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कय्यूमभाऊंच्या पायांकडे. चपला घातलेले, कोरडे. त्या पुन्हा ओणवल्या, आणि दोन पावसाळे मिटलेलं तोंड उघडलं:

"धुऱ्यावर उभा कय्यूम, अजून पाय कोरडे वो,
टेपानं फीत खाल्ली, आता काय चोरते वो."

आवाज चिरका झाला होता. बायकांनी ओळ उचलली, हसत, चुकत. लगेच दुसरं आलं:

"कंपनीचा साहेब कुठी, धुऱ्यावर काऊन येत नाई वो,
चिखलात पाय टाकल्याबिगर गाणं त्याचं होत नाई वो."

दानिशचा हात सवयीने खिशाकडे गेला. फोन निघाला तसा बाई न थांबता म्हणाल्या, "ठेव तो. खाली ये." त्याने फोन पोत्यावर, माझ्या शेजारी ठेवला आणि पँट दुमडली. कय्यूमभाऊंनी चपला काढल्या आणि पुनमचा हात धरून बांधीत उतरले.

ते गाणं कुठेही टिपलं गेलं नाही. कंपनीचं गाणं अजून नेटवर आहे, सर्व हक्कांसह, आणि तीस वर्षांपूर्वीचं कडवं तिथे अजून बासरीवर चाललंय.

मित्रांनो, अशा वेळी म्हाताऱ्या वस्तूंनी विनवायचं असतं, की आम्हाला पुसा, तेल द्या, जपा. मी तसं म्हणणार नाही. मला जपून तुम्ही काय मिळवलंत, ते पाहिलंतच. ज्याचं गाणं असेल त्याचं नाव लिहा आणि त्याला जपा. ऐकायचं असेल तर त्याच्यापाशी जा, पाय भिजवा.

त्या दिवशी धुऱ्यावर कोरडे असे दोघंच उरलो होतो, मी आणि तो फोन. पुढचं कडवं आमच्यावर आलं.