मुरघास कोणी दाबला

मका कापायला आला आहे, असं बाबांनी सप्टेंबरात सांगितलं, तेव्हा मी मैत्रिणीच्या लग्नाला मिनियापोलिसला निघाले होते. "चार दिवसांनी काय बिघडतं?" मी म्हणाले आणि गेले. त्या चार दिवसांत साउथ डकोटाभर दक्षिणेकडचा कोरडा वारा सुटला. परत आले तेव्हा पानं कागदासारखी वाजत होती.

आई गेल्यापासून शेत मी बघते. बाबा, ऑरिन हाउगेन, वय शहात्तर, मक्याची कुट्टी खड्ड्यात पडली की तिच्यावर ट्रॅक्टर फिरवून ती दाबायचे; हवा न राहता ती आंबली की गुरांचा मुरघास होतो. शेजारचा गॉर्डनही दरवर्षी त्यांनाच बोलावायचा.

त्या दिवशी बाबा सारखे थांबत होते. खाली उतरायचे, मूठभर कुट्टी आवळायचे, मूठ उघडली की ती भुरभुर सांडायची.

"मार्लिस, ओल नाही गं राहिली. अजून बारीक कर, नाहीतर आत हवा राहील."

बारीक करायचं म्हणजे यंत्राची पाती बदलायची, अर्धा दिवस जाणार. आणि उशीर माझ्यामुळेच झालेला. गॉर्डन आणि ट्रकवाले बघत होते, तरी मी बोलले, "बाबा, तुम्ही उतरा बघू. दर पाच मिनिटांनी थांबलात तर खड्डा दाबला जाणार कसा?"

बाबांनी हातमोजे काढून सीटवर ठेवले आणि ते घराकडे चालत गेले. उरलेला खड्डा मी दाबला, कुट्टी तशीच जाड ठेवून.

डिसेंबरात खड्ड्यावरचं प्लास्टिक उचललं तर आतून वाफ आली. मुरघास तंबाखूसारखा तपकिरी झालेला, मधे मधे पांढरी बुरशी. गोऱ्ह्यांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. खाद्याचा सल्लागार बघायला आला. त्यानं विचारलं, "दाबला कोणी?"

"मी," बाबा म्हणाले. "वय झालं. अंदाज चुकला."

त्यानं मुरघासात खुपसलेल्या थर्मामीटरकडे मी बघत राहिले. तोंड उघडायला एवढा वेळ मिळाला होता, पण नाही उघडलं.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना लोक हळूच म्हणू लागले, ऑरिन थकला आता. बाबा ऐकायचे आणि बिस्किट बुडवत बसायचे. पुढच्या सप्टेंबरात गॉर्डननं त्यांना बोलावलं नाही.

मग मी गॉर्डनकडे गेले. तो खड्ड्याच्या कडेला, प्लास्टिकवर वजनाला ठेवायचे जुने टायर रचत होता. सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी तिथेच होतो की."

"मग बोलावलं का नाहीस?"

त्यानं टायर खाली ठेवला. "तू त्यांना उतरवलंस तेव्हा मी गप्प बसलो. चर्चमध्येही गप्पच. आता कुठल्या तोंडानं बोलावू?"

तरी संध्याकाळी तो आला, दारातच टोपी काढून उभा राहिला आणि बाबांना खड्डा दाबायला या म्हणाला. बाबा बटाटे सोलत होते.

"यंदा गुडघा धरलाय रे," बाबा म्हणाले. "तुझ्या पुतण्याला बसव. पोरगा बरा चालवतो."

गुडघ्याला काही झालं नव्हतं. गॉर्डन गेल्यावर मी म्हणाले, "बाबा, मी त्याला खरं काय ते सांगितलं."

"कशाला सांगितलंस?" ते वर न बघता म्हणाले. "तुझ्या हाताखाली माणसं काम करतात. त्यांनी तुझं ऐकायला हवं."

सुरी ठेवून ते हात धुवायला उठले. मी उरलेले बटाटे सोलले. सगळ्यांसमोर बोलायचं राहिलंच होतं. रविवारी चर्चमध्ये सांगितलं, बाबांना उतरवून खड्डा मीच दाबला होता. कोणी काही विचारलं नाही. बाबा मात्र त्या दिवशी कॉफीला थांबले नाहीत, गाडीत जाऊन बसले.