सापाची मावशी म्हणवली गेलेली मी

मी एक म्हातारी सापसुरळी आहे. लखनौच्या मानक नगरात, रेल्वेच्या एका क्वार्टरमागे माझा जन्म झाला. अंग तुळतुळीत आणि पाय अगदी आखूड. गवतातून पळताना ते दिसतच नाहीत, लोक मला साप समजतात, आणि तिथेच माझं नशीब फिरतं. वर्षानुवर्षं या घरची झुरळं मी फस्त केली, पण कौतुकाचा एक शब्द कधी कानी आला नाही.

१९९६च्या उन्हाळ्यात मी कूलरखालच्या ओलसर विटांमध्ये अंडी घातली होती. एके सकाळी माळी जयसिंगने वीट उचलली आणि मी उघडी पडले. पळून जाता आलं असतं. पण अंडी टाकून कुठे जाणार?

क्वार्टरमध्ये राहणारे लक्ष्मीकांतराव सांगलीचे, रेल्वेत मोठे इंजिनिअर. ते दोन पावलं मागे सरले. "अरे, ही तर सापाची मावशी! विषारी असते."

"हमारे यहाँ भी यही कहते हैं साहब। हटिए," म्हणत जयसिंगने लाठी उगारली. मित्रांनो, मी अंड्यांना आणखीच बिलगले.

तेवढ्यात बी.एस्सी. करणारी त्यांची मुलगी देविका धावत आली. "बाबा, रुको! इसकी पलक देखो, झपक रही है। सापाला पापणी नसते. कानाचं छिद्रपण आहे. ये छिपकली की बिरादरी की है, ज़हर नहीं है।"

"मग मावशी कशी?"

"मौसी कहना है तो घोरपडीला म्हणा. हमारी मैडम कहती हैं, साप उसके ज़्यादा करीब है।"

लक्ष्मीकांतराव हसले. वीट जागेवर गेली. माझी पिल्लं सुखरूप बाहेर आली. देविकाचे उपकार मी कसे विसरेन?

पावसाळ्यात अंगणात एक धामण आली. देविका कॉलेजला गेली होती. लक्ष्मीकांतराव या वेळी घाबरले नाहीत. जरा जवळ जाऊन त्यांनी नीट निरखून पाहिलं. "पापणी नाही, कान नाही. हा सापच," ते म्हणाले, आणि जयसिंगची लाठी पडली. बिचारीला विष नव्हतं. ती उंदरांच्या मागे आली होती.

मित्रांनो, फार फार पूर्वी तिचे आणि माझे पूर्वज एकच होते, चार पायांचे. मी साप नाही म्हणून जगले आणि ती साप होती म्हणून मेली, याचं मला अजून वाईट वाटतं. आम्हाला ओळखायला जरूर शिका. पण कोणाला मारायचं हे ठरवण्यासाठी शिकू नका.