पालखीसाठी थांबणारा रस्ता

मित्रांनो, गेल्या दिवाळीनंतर माझ्या कडेला बसून एका माणसाने एक पत्र वाचलं. शिमगा तोंडावर आला तरी त्या पत्राचं उत्तर गेलं नव्हतं. पत्र मला आलेलं नव्हतं. रस्त्याला कोण पत्र लिहिणार? ते मुरारीकाकांना आलं होतं. पण त्यांनी ते माझ्या कडेच्या दगडावर बसून इतक्या वेळा वाचलं, की ते मलाही पाठ झालं आणि माझाही जीव थाऱ्यावर राहिना.

मी एक जुना महामार्ग आहे, म्हणजे होतो. महाड सोडून पोलादपूरकडे निघालात, की नव्या चौपदरी रस्त्याच्या खालच्या अंगाला करंजगावाला वळसा घालत जाणारा डांबराचा एक अरुंद पट्टा दिसेल. तो मी. माझी गोष्ट मी नीट सांगू शकेन की नाही, याची मला खात्री नाही. सांगायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. लोक बोलत माझ्यावरून जायचे आणि मी ऐकायचो.

लहानपणी मी नुसती पायवाट होतो. पुढे माझ्यावरून बैलगाड्या जाऊ लागल्या. महाडच्या बंदरात सावित्रीतून गलबतं यायची, त्यांचा माल मी घाटाकडे पोचवायचो. मग एके वर्षी माणसं घमेली घेऊन आली. बायका कडेला बसून दगड फोडायच्या आणि त्यांची पोरं करंजाच्या सावलीत झोळीत झोपायची. खडी अंथरली, रूळ फिरला, काही वर्षांनी डांबर पडलं. पुढे मला राष्ट्रीय महामार्ग म्हणू लागले. आधी सतरा नंबर दिला, मग सहासष्ट. नंबर बदलल्याने मला काही वेगळं वाटलं नाही, पण पाट्या रंगवायला आलेला माणूस मात्र खूश होता.

लाल एसटी, मासळीचे टेम्पो, गणपतीला गावी निघालेली मुंबईकर माणसं, सगळी माझ्यावरून गेली. कौतुक झालं तसं शिव्याही पडल्या. पावसाळ्यात माझ्या अंगावर खड्डे पडायचे आणि ड्रायव्हर माझ्या बापाचा उद्धार करायचे. मला वाईट वाटायचं, पण त्यांचं खोटं नव्हतं. महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, त्या पावसाळ्यात तर कोणी शिव्याही दिल्या नाहीत. लोक गप्प गप्प जायचे. तेव्हापासून पाऊस वाढला की मी अजूनही अस्वस्थ होतो.

माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस मात्र शिमग्यातला. करंजगावाचं देऊळ माझ्या खालच्या बाजूला आहे आणि गावाचीच वाडी, आंबेकोंड, वरच्या बाजूला डोंगराला टेकून आहे. देवी एकच, सोमजाई. शिमग्यात तिची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. आंबेकोंडात जायचं तर मला ओलांडावं लागे. खालूबाजाचे ढोल-सनई ऐकू आले, की दोन्हीकडच्या गाड्या आपोआप थांबायच्या. ड्रायव्हर खाली उतरून चपला काढायचे. भोई पालखी खांद्यावर नाचवत माझ्या मधोमध यायचे आणि तिथे ती घटकाभर थांबायची. दिवसभर धावणारा मी, त्या वेळी थांबायचो. ते थांबणं मला फार आवडायचं.

मग नव्या चौपदरी रस्त्याची मोजणी करणारे आले; तो माझ्या आणि आंबेकोंडाच्या मधून जाणार होता. झाडांवर चुन्याने आकडे पडले आणि करंज गेले. मुरारीकाका तेव्हा गावचं वाचनालय सांभाळायचे. बोलायला लाजाळू, पण वाचन दांडगं. एकदा ते माझ्या कडेला एका जुन्या मासिकातून फ्रान्समधल्या एका महामार्गाबद्दल वाचत बसले होते. पॅरिसहून दक्षिणेला समुद्राकडे जाणारा, सूर्याचा रस्ता म्हणतात त्याला. सुट्ट्या लागल्या की अर्धं पॅरिस त्या रस्त्यावर अडकून पडतं, असं लिहिलं होतं.

"म्हणजे त्यांचेपण चाकरमानीच," शेजारी बसलेला सोनबा म्हणाला.

सोनबा हा गावचा मानकरी. पालखीपुढे नारळ त्याचा. आवाज असा, की माईक लागत नाही.

"त्या रस्त्याला दोन्हीकडून कुंपण आहे," काका म्हणाले. "माणूस मधून ओलांडू शकत नाही. या बाजूची शेतं त्या बाजूला जोडायची, तर वरून पूल नाहीतर खालून बोगदा."

"मग आपल्याला पण बोगदा पायजे. तुमी अर्ज लिवा, मी रस्त्यात बसतो."

काकांनी अर्ज लिहिला. सोनबा गाव घेऊन माझ्यावर आडवा बसला. उन्हात बसून बसून त्याचं नाक सोलून निघालं, पण बोगदा मंजूर झाला. गुरं जातील, पोरं शाळेत जातील, बैलगाडी जाईल, सगळ्याचा विचार झाला. देवीचा विचार कोणाच्याच मनात आला नाही.

नवा रस्ता वाहता झाला आणि पहिला शिमगा आला. बोगद्याच्या तोंडाशी पालखी आली, तेव्हा वरून एक कंटेनर गडगडत गेला. सोनबाने वर पाहिलं आणि हात आडवा केला.

"थांबा रे. देवीच्या डोक्यावरून टायर जाणार?"

बाजा थांबला. देवीच्या डोक्यावरून कोणाचा पाय जाऊ नये, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. आपणच मागून घेतलेल्या बोगद्यातून देवी जाऊ शकत नाही, हे गावाला तिथे उभ्या उभ्या कळलं. मग भोयांनी वरूनच न्यायचं ठरवलं. चौपदरीच्या कडेचे लोखंडी कठडे चढून पालखी पलीकडे घेताना एक ट्रक अगदी जवळ येऊन थांबला. धावपळीत आंबेकोंडातल्या भरतचा पाय कठड्यात अडकला आणि मोडला. पालखी मात्र त्याने खांद्यावरून ढळू दिली नाही. त्यानंतर पोलिसांनी वरून जायला बंदी घातली आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पुढचे दोन शिमगे पालखी माझ्यापर्यंत यायची आणि मागे फिरायची. चौपदरीच्या पलीकडे भरतची आई ठमाबाई ओटीचं ताट घेऊन उभी असायची. दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून मला ती दिसायची. मग ट्रक जायचा. पुन्हा दिसायची, तोवर पालखीची पाठ तिच्याकडे झालेली असायची.

"देवळात येऊन भर की ओटी," कोणी तरी तिला म्हणालं.

"देवळात मी जाते ती माझ्या गरजेनं," ती म्हणाली. "शिमग्यात ती येते माझ्याकडं. ते येगळं हाय रे."

आता त्या पत्राबद्दल सांगतो. भरत मुंबईला नोकरीला आहे. लहानपणी तो वाचनालयात पुस्तकं लावायला यायचा, तिथेच काकांनी त्याला पत्र लिहायला शिकवलं. काकांना फोनवर बोलायला सुचत नाही, हे त्याला माहीत आहे. म्हणून त्याने लिहिलं: 'काका, आंबेकोंडात वेगळी पालखी करायचं चाललंय. एकदा वेगळी झाली की गाव पुन्हा एक होणार नाही. तुमचं लोक ऐकतील. तुम्ही शिमग्याआधीच्या गावसभेत बोलाल का? बोलणार असाल तर कळवा, मी रजा टाकतो. आईने आत्तापासूनच अंगण सारवायला घेतलंय.'

बोलाल का, एवढंच त्याने विचारलं होतं. काका दगडावर बसून कार्ड काढायचे, 'चि. भरत यास अनेक आशीर्वाद' एवढं लिहायचे आणि थांबायचे. पेनाचं टोपण लावायचे. पुन्हा काढायचे. अर्ज आपणच लिहिला, आपल्यालाच सुचलं नाही, आता कोणत्या तोंडाने बोलायचं, असं पुटपुटायचे. टपालाची लाल पेटी तिथून चार पावलांवर, माझ्याच कडेला. पण त्यांना ती महाबळेश्वराइतकी लांब होती.

एकदा ठमाबाई बोगद्यातून खाली आली. गुडघे धरत, थांबत थांबत. काकांना पाहून तिथेच टेकली.

"काय वो भावजी, भरताला लिवलाव का?"

"लिहितोय, वहिनी."

"दिवाळीपासनं लिवताव. पोथी लिवताव का काय?"

काका हसले नाहीत.

"सभेत बोलायला मला जमत नाही," ते म्हणाले. "सोनबापुढे तर नाहीच."

"सोनबा काय वाघ हाय? शाळेत असताना तुमच्याच पाटीवर बघून गणितं उतरवायचा, मला ठाव हाय." ती उठली. जाता जाता म्हणाली, "हैबतीनं सुताराला पालखी करायला सांगितलंय. लाकूड आलं की मग तुमी लिवून काय करणार?"

हैबती हा आंबेकोंडाचा पुढारी. तापट, पण मनाने वाईट नाही. सभेचा दिवस आला. ती देवळाच्या पुढच्या मंडपात होती. मंडप माझ्याकडे उघडा आहे, म्हणून सगळं मला ऐकू आलं.

"आमची पालखी आमी करतोय," हैबती म्हणाला. "तुमी वर येत नाय. आमी किती वर्सं थांबायचं?"

"कर की," सोनबा म्हणाला. "पालखी करशील. तिच्यात बसवायला देवी कुठनं आणणार? महाडच्या बाजारातनं?"

"तुमच्या देवीला आमच्या घरची वाट नको झालीय म्हणून हे चाललंय."

"तोंड सांभाळ. वाट तिला नको नाय झाली. तिच्या डोक्यावरनं टायर जातात. तुला चालतं, मला नाय चालत."

माणसं उठू लागली. काका खांबाला टेकून बसले होते, हातात दुमडलेलं पत्र. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बोला. पण रस्त्याला ओरडता येत नाही.

सोनबानेच विषय बदलला. "ते राहू दे. पावसाच्या आत देवळाची कौलं परतायची हायत. तो मान आंबेकोंडाचा. का तो पण सोडलाव?"

"सोडला नाय," हैबती म्हणाला. "मीच चढतो, दरवर्षी. यंदा पण चढेन."

तेव्हा काका बोलले. आवाज इतका बारीक, की पुढच्या दोघातिघांनीच मान वळवली.

"हैबती, तू गाभाऱ्यावर चढतोस तेव्हा तुझे पाय कुठं असतात?"

"म्हंजे?"

"म्हणजे पायाखाली कौलं. आणि कौलांखाली?"

"खाली देवी," हैबती हळूच म्हणाला आणि त्याने उगाच आपल्या पायांकडे पाहिलं.

"ते येगळं," सोनबा म्हणाला. "तो चढायच्या आधी आपण गाऱ्हाणं घालतो. देवीला सांगतो, तुझंच छप्पर राखायला चढतोय, पाय लागला तर पोटात घाल. मग चढतो."

"हो," काका म्हणाले. "मग बोगद्याच्या तोंडाशी पण सांगता येईल. तुझ्याच लेकरांकडे न्यायला ही वाट घेतोय, असं. मी चुकीचं बोलत असेन. मला तेवढं कळत नाही. पण तिला विचारल्याशिवाय आपणच नाही म्हणतोय."

सोनबाने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"गाऱ्हाणं माझ्या घराण्यानं घालायचं. मी घालेन," तो म्हणाला. "पण ट्रकवाल्यांना मी काय सांगणार नाय, आधीच सांगतो."

"त्यांना तुमचा आवाज जाईलच," हैबती म्हणाला, आणि मंडपात कोणीतरी हसलं. मग हैबतीने खिशातून फोन काढला आणि बाजूला जाऊन सुताराला सांगितलं, की लाकूड चिरू नकोस.

मित्रांनो, पालखी खालून जाईल तेव्हा मी तिथे असेनच. सगळं नीट पार पडेल का, वरून गाडी गेली की सोनबा पुन्हा थांबेल का, मला ठाऊक नाही. मी रस्ता आहे, जे पुढे आहे ते मला दिसत नाही. पण एक विनंती करतो. तुमच्याकडे नवा रस्ता आला तर त्याच्याशी भांडू नका. तोही कोणाला तरी घरी पोचवतो. फक्त तो आखायच्या आधी दोन्हीकडच्या माणसांना विचारा, तुम्ही एकमेकांकडे कोणत्या दिवशी आणि कशासाठी जाता. आणि तुमच्यातला एखादा गप्प माणूस तोंड उघडत असेल, तर जरा थांबा. आमच्यावरून घाईने पुष्कळ जण जातात. आम्ही लक्षात ठेवतो ते थांबलेल्यांना.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका दगडावर येऊन बसले. भरतला रात्रीच आंबेकोंडातून फोन गेला असणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी कार्ड काढलं. आशीर्वादाच्या पुढे पेन थांबलं नाही. 'बोललो. कसं बोललो ते विचारू नकोस. रजा टाक. तुझा खांदा लागेल.' लिहून झाल्यावर त्यांनी ते एकदा वाचलं, एक शब्द खोडावा का असा विचार केला आणि खोडला नाही. मग ते उठले, माझ्यावरून चालत पेटीपाशी गेले, कार्ड आत सोडलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत झाकण धरून उभे राहिले.