तीन ठिपके आणि कोर

गाडीचं दार लावलं की एकच आवाज यायला हवा. गुरुवारी मृणूने आणलेल्या गाडीचे दोन आले. आधी कुलपाचा, आणि मग डोळा मिटून उघडावा एवढ्या वेळाने दुसरा. बारीक, खालून कुठून तरी, पत्र्याला पत्रा टेकावा तसा.

मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. कप खाली ठेवला.

"तात्या, उठा ना! बघा तरी काय आणलंय," मृणू ओरडली. मृण्मयी माझी नात, मुलाची मुलगी. चोवीस वर्षांची. इंदूरजवळ एका औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते. दोन वर्षं रोज सकाळी सातची बस धरायला देवास गेटच्या स्टँडवर धावत होती आणि पैसे साठवत होती, ते याच दिवसासाठी.

होंडाची जुनी सिटी. चंदेरी, २००१ची. आत ते व्हीटेक म्हणतात ते इंजिन.

"माझ्याच वयाची आहे," ती म्हणाली. "पण माझ्यापेक्षा फिट."

आमच्या घरात या कंपनीचं वेड मीच आणलं. आम्ही लोहार. पूर्वज शिंदे सरकारच्या तोफखान्याबरोबर इकडे आले, तोफांचे गाडे बांधायचे. मी मोटारींचे पत्रे ठोकले, चाळीस वर्षं. शाळेत गेलो नाही. एकसष्टाव्या वर्षी दुकान बंद केलं तेव्हा अकरा वर्षांच्या मृणूने मला अक्षरं शिकवायला घेतली, आणि मराठीचं पुस्तक कंटाळवाणं आहे म्हणून मला गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांसमोर नेऊन उभं केलं. इंग्रजीतलं पहिलं अक्षर मी होंडाच्या नाकावर वाचलं. दोन उभे खांब, मधे आडवी दांडी.

बदल्यात मी तिला त्या कंपनीची गोष्ट सांगायचो, गॅरेजवाल्यांकडून ऐकलेली. जपानात एक लोहाराचा मुलगा होता. मोठी लढाई संपली, लोकांकडे पेट्रोल नव्हतं, गाड्या नव्हत्या. त्याने फौजेतून उरलेली छोटी इंजिनं घेतली आणि सायकलींना बसवली. मग मोटरसायकली केल्या, त्या शर्यतीत उतरवल्या, मग मोटारी. शर्यतीत जे शिकला ते साध्या माणसाच्या गाडीत घातलं. म्हणून ती गाडी डॉक्टर घ्यायचा, बँकेतला साहेब घ्यायचा, बायकामुलांना घेऊन ओंकारेश्वरला जायचा, आणि त्याला वाटायचं आपण साधी घरगुती गाडी चालवतोय. व्हीटेकला दोन स्वभाव. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली असेपर्यंत गरीब गाय. पाच हजारांच्या पुढे गेला की इंजिनाचा आवाज बदलतो आणि पाठ सीटला चिकटते. आता ती जुनी झाली आणि चांगल्या बुलेटच्या किमतीत मिळते, म्हणून तरुण पोरं तिच्यामागे असतात. "लोहाराच्या मुलाने केली," मृणू लहानपणी वर्गात सांगायची, जणू आमच्याच घरातला कुणी होता.

मी खाली उतरलो. माझ्या खिशात अजूनही लोहचुंबक असतो, सवय. तो गाडीच्या अंगावरून फिरवायचा. पत्रा असेल तिथे चिकटतो, पुट्टी भरलेली असेल तिथे घसरतो.

"एक्स-रे काढताय?" मृणू हसली.

पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर चुंबक घसरला. दाराखालच्या पट्टीवर लावला, तिथे तर हातातून सुटून खाली पडला. दुसऱ्या बाजूला गेलो. तिथेही, बरोबर तेवढ्याच अंतरावर.

"मृणू, ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट वर कर."

तिने टाळी वाजवली. "ओळखलंत! मी रविवारी सांगणार होते, सगळ्यांसमोर." तिने कार्पेट ओढून मोबाईलचा उजेड पाडला. "बघा."

पत्र्यावर पोगराने, म्हणजे टोकदार छिन्नीने, ठोकलेले तीन ठिपके. खाली चंद्राची कोर.

ती आमच्या घराण्याची खूण. तोफेच्या गाड्यावर माझे पूर्वज मारायचे, वडील बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर मारायचे. सही येत नव्हती, म्हणून मी माझ्या प्रत्येक कामावर ती मारली. मृणूला मीच सांगितलं होतं, जिथे ही खूण दिसेल तिथे काम पक्कं.

"आठ गाड्या बघितल्या इंदूरला," ती सांगत होती. "सगळ्यांचं कार्पेट उचललं, तुम्ही शिकवलं तसं. हिच्यात हे दिसलं आणि मला रडूच आलं. मेकॅनिक म्हणत होता, मॅडम, अजून एकदा चेक करून घेऊ. मी म्हटलं, गरज नाही, माझ्या आजोबांच्या हातची आहे."

मागच्या काचेवर तिने त्याच खुणेचा स्टिकरही लावून आणला होता.

मी म्हटलं, "छान आहे." आणि आत गेलो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सुहास नावाचा एक माणूस माझ्याकडे यायचा. अपघाताच्या गाड्या घ्यायचा, विकायचा. एकदा त्याने दोन मेलेल्या गाड्या आणल्या. एकीचं पुढचं तोंड गेलेलं, एकीची पाठ. म्हणाला, "काका, या दोन्हींची एक जिवंत करून दाखवा. अख्ख्या माळव्यात कुणाला जमणार नाही."

जमणार नाही म्हटल्यावर मी केलं.

या गाड्यांना ट्रकसारखा खाली लोखंडी सांगाडा नसतो. पत्र्याचा अख्खा डबाच तिची हाडं. तो मधोमध कापायचा, पुढच्या सीटखाली आणि काचेच्या खांबांत, आणि दुसरा अर्धा आणून जोडायचा. वरून पुट्टी, वरून रंग. मी इतकं साफ काम केलं की सुहासला स्वतःला जोड सापडेना. त्या दोन वर्षांत अशा अकरा गाड्या केल्या. आणि प्रत्येकीवर खूण मारली. लपवायचं काम होतं, तरी मारली. हातातली कला होती ना.

मग मक्सी रोडवर एक पांढरी गाडी पुलाच्या कठड्याला घासली. नुसती घासली. लोकांनी सांगितलं म्हणून मी बघायला गेलो. पुढचा भाग पुलावर होता. मागचा खाली ओढ्यात. त्यात आई आणि मुलगी होती. पोलीस म्हणाले, स्पीडमध्ये असेल. मी खाली वाकून पाहिलं तेव्हा कापलेल्या पत्र्याच्या काठावर तीन ठिपके होते.

घरी येऊन दुकानाला कुलूप लावलं. मुलाला सांगितलं, हातात आता जोर नाही. कुणाला दुसरं काही बोललो नाही. म्हणून मी रिकामा होतो, आणि म्हणून मृणूने मला अक्षरं शिकवली.

शुक्रवारी सकाळी ती म्हणाली, "चला, एक राउंड." नाही कसं म्हणू? आणि खरं म्हणजे मला ऐकायचं होतं. सिंहस्थासाठी इंदूरचा रस्ता रुंद करताहेत. काही ठिकाणी नवं डांबर काळं कुळकुळीत, रस्ता मोकळा. तिथे तिने पाय दाबला. काटा पाचाच्या पुढे गेला, इंजिनाचा आवाज बदलला. एवढ्या वर्षांनीही किती सुंदर चालत होतं ते इंजिन! मृणू हसत होती. मी काचेच्या कोपऱ्याकडे बघत होतो. तिथून शीळ येत होती, बारीक, आणि खड्ड्यावर ती थांबायची आणि खालून टक् व्हायचं.

"वाऱ्याचा आवाज आहे," ती म्हणाली. "रबर बदलावं लागेल."

"हळू घे."

"अहो तात्या, एकशे तीस म्हणजे हिच्यासाठी चालणंच आहे. रविवारी बघा ना. जुन्या व्हीटेकवाल्यांचा आमचा ग्रुप आहे, सतरा गाड्या. इंदूरहून मांडू. घाटात सोडणार."

परत आल्यावर मी काच पाहिली. कोपऱ्यात केसाएवढी चीर. गुरुवारी नव्हती.

शनिवारी दुपारी सुहासकडे गेलो. तो आता महाकालच्या बाजूला भाविकांसाठी खोल्या भाड्याने देतो. कपाळावर भस्म, समोर सरबत. मी सांगितलं.

"कमाल आहे काका," तो म्हणाला. "पंधरा वर्षं टिकली? मी तर म्हणत होतो दोन चालेल. हात मानला तुमचा."

"माझी नात चालवतेय सुहास."

"मग तिला सांगा हळू चालव."

"ती गाडी हळू चालवायला कुणी घेत नाही."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग असं करा. तिचं मन वळवा, गाडी मला द्या. एका हफ्त्यात गिऱ्हाईक लावतो. बाहेरगावचं, नीमच-मंदसौरकडचं. तुमची नात सुटली, तुम्ही सुटलात. कुणाला काही सांगायची गरजच नाही."

खोटं कशाला बोलू, गल्लीच्या टोकापर्यंत मला ते पटलं होतं. टोकाशी एक बाई मुलीचा हात धरून रिक्षा शोधत उभी होती.

संध्याकाळी मृणूशी बोलायला गेलो, तर ती अंगणात गाडी धूत होती. काचेवरच्या खुणेभोवती फडकं फिरवताना बोट हलकं करत होती, देवाची मूर्ती पुसावी तसं. मी तसाच आत परतलो.

रविवारी सात वाजता ती तयार होऊन बाहेर आली. कल्पनाने, म्हणजे सूनबाईने, डब्यात पराठे भरले होते. मी गाडीजवळ उभा होतो, हातात जुना पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर.

"तात्या, उशीर होतोय. सगळे साडेआठला जमणार."

"दोन मिनिटं. कार्पेट वर कर."

"पुन्हा?" पण तिने केलं. मी पेचकस तिच्या हातात दिला.

"खुणेच्या मागे चार बोटं. दाब."

"कशाला? खड्डा पडेल."

"दाब मृणू."

तिने दाबलं. पहिल्यांदा हलकेच. काळा रंग सोलून निघाला. मग जोर लावला आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला, भाकरीत जावा तसा. तिने बाहेर ओढला. भोकातून खालची फरशी दिसत होती, आणि फरशीवर सकाळचं ऊन.

ती गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. मी तिला सगळं सांगितलं. सुहास, दोन गाड्या, अकरा जोड. मक्सी रोडचा पूलही सांगितला. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही.

"म्हणजे ही खूण..." ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"गुरुवारी दाराचा आवाज आला तेव्हापासून."

"शुक्रवारी मी एकशे तीसने पळवली."

"मी शेजारी बसलो होतो."

"म्हणजे काय तात्या? हिशेब बरोबर झाला?"

कल्पना डबा घेऊन दारात आली आणि म्हणाली, "काय झालं ग? जायचं नाही का?" मृणूचा फोन वाजत होता. ग्रुपमधलं कुणी असेल. तो वाजून बंद झाला, पुन्हा वाजला.

ती उठली. गाडीच्या छतावर दोन्ही हात ठेवून तिने सगळं वजन टाकलं, एकदा, दोनदा. खालून टक् आलं. आता तिलाही ऐकू आलं. तिने पेचकस उचलला, मागे गेली आणि काचेवरची खूण खरवडायला लागली. दोन ठिपके निघाले. तिसऱ्याला हात थांबला.

"ही एक," ती म्हणाली. "पुलावरची एक. उरल्या किती?"

लिहिता येत नव्हतं त्या काळी मी आकडे बोटांनी दाखवायचो. तसेच हात वर केले. दोन्ही पंजे उघडे, एक अंगठा आत मोडलेला.

तिने नऊ बोटं मोजली, खरोखर मोजली, ओठ हलवून. मग खिशातून गाडीची किल्ली काढली आणि पराठ्यांच्या डब्यावर ठेवली, आईच्या हातात. खुंटीवरून स्कूटरची किल्ली घेतली.

"बसा मागे."

"कुठे?"

"पहिली कुणाला गेली ते आठवा. रंग सांगा, घर सांगा, काहीही."

मला आठवायची गरज नव्हती. इतकी वर्षं रस्त्यावर दिसली की मी मान फिरवत आलो होतो. "भैरवगढ. छपाईवाल्याकडे. लाल आहे."

"अजून चालते?"

"मागच्या महिन्यात दिसली. मुलांना शाळेत सोडतो तिच्यातून. आपली दोन आणि शेजारची तीन."

मृणूने हेल्मेट घातलं. आतून तिचा आवाज जाड येत होता.

"आज रविवार आहे," ती म्हणाली. "बसा लवकर."